खान्देशात दिव्यांग पेन्शन आणि निराधार अनुदान: कोणता कागद आधी, कोणत्या दाराशी

घरात कुणाला लकवा मारला, शेतात थ्रेशरमध्ये हात गेला, मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. अशा वेळी गावात कुणीतरी सांगतं, "संजय गांधीचा पगार सुरू करून घ्या." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण तिथून पुढे काय करायचं हे नीट सांगणारा माणूस क्वचित भेटतो. मग माणसं आधी तहसीलला जातात. तिथून सिव्हिलला पाठवतात, सिव्हिलमधून सेतूवर, सेतूवरून बँकेत. प्रत्येक फेरीला मजुरी बुडते, शिवाय भाडं लागतं. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून नंदुरबारला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि दिव्यांग माणसासोबत दुसरं कुणी लागतंच.

हा लेख पहिल्यांदाच या कामाला लागलेल्यांसाठी आहे: दिव्यांग व्यक्ती, तिच्या घरचे, आणि गावात अशा लोकांचे कागद करून देणारे शिक्षक, आशाताई, बचतगटाच्या ताई. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पद्धत सारखीच आहे. माझा अनुभव असा की अर्ज नियमामुळे कमी अडतात. जास्त अडतात ते नावातल्या काना-मात्रेमुळे आणि कागद उलट्या क्रमाने काढल्यामुळे. म्हणून क्रम पक्का धरा: आधार, मग दिव्यांग प्रमाणपत्र, मग उत्पन्नाचा दाखला, मग बँक खातं, आणि शेवटी अर्ज.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या

संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्य सरकारची आहे, १९८० पासूनची. पासष्टपेक्षा कमी वयाच्या निराधारांसाठी ती आहे: चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेले, कर्करोग, क्षय, कुष्ठरोग, एचआयव्ही असे दुर्धर आजार असलेले, निराधार विधवा, घटस्फोटित आणि टाकून दिलेल्या बायका, तृतीयपंथी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं कुटुंब वगैरे. पासष्ट आणि त्यापुढच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. त्याशिवाय केंद्राच्या इंदिरा गांधी निवृत्तिवेतनाच्या तीन योजना आहेत, वृद्धांची, विधवांची आणि दिव्यांगांची. त्या फक्त दारिद्र्यरेषेखालच्या यादीतल्या कुटुंबांना मिळतात, आणि दिव्यांगांच्या योजनेला ऐंशी टक्के दिव्यांगत्व लागतं. केंद्राचा वाटा फार थोडा आहे, दिव्यांगांसाठी महिन्याला ३०० रुपये. उरलेली रक्कम राज्य सरकार घालतं. तुम्ही राज्याच्या खान्यात बसता की केंद्राच्या ते तहसील ठरवतं. तुमच्या हातात येणाऱ्या रकमेत त्याने फरक पडत नाही.

रक्कम किती? २०१९ पर्यंत ६०० रुपये होती. मग १,००० झाली आणि २०२३ मध्ये १,५००. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ती महिन्याला २,५०० रुपये झाली. ही वाढ फक्त दिव्यांगांना आहे, विधवा आणि वृद्धांना १,५०० च आहेत. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या आजीला श्रावणबाळचे पैसे वय म्हणून सुरू आहेत आणि तिचा पायही निकामी आहे, तिची नोंद दिव्यांग म्हणून झालेली नसेल तर वाढीव हजार रुपये येणार नाहीत. तिचं दिव्यांग कार्ड, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढून त्याचा नंबर तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्यावा लागतो. तो सरकारी पोर्टलवर चढला की मग वाढ मिळते. गावात अशी माणसं शोधून काढायला हवीत. त्यांना स्वतःहून हे कुणी सांगत नाही.

आणखी एक. संजय गांधी किंवा श्रावणबाळचे १,५०० किंवा जास्त रुपये घेणाऱ्या बाईला मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळत नाहीत. दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवू नका. नंतर एक बंद होतं, आणि त्या गोंधळात कधीकधी दोन्ही अडकतात.

पहिला कागद: आधार, आणि त्यावरचं नाव

बाकी सगळं आधारवर उभं आहे. म्हणून अर्जाला हात लावण्याआधी आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला असे चार कागद ओट्यावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा.

आपल्याकडे हे जास्त गरजेचं आहे. नंदुरबार आणि नवापूरच्या पट्ट्यात अर्धे नातेवाईक गुजरातच्या बाजूला आहेत. इकडे वसावे, तर सागबारा-डेडियापाड्याकडे काढलेल्या कागदावर वसावा. पावराचं पावरा, पवरा, पवारा असं काहीही झालेलं असतं. सुकलालचा सुखलाल होतो, रेवाबाईची रेबाबाई. लग्न होऊन माहेरचं नाव बदललेलं, पण बँकेत जुनंच. जन्मतारखेचंही तेच. शाळेत १ जून लिहिलेली असते, आधारवर १ जानेवारी. माणूस एकच असला तरी पोर्टल ते मानत नाही.

दुरुस्ती करायची तर ती आधारवर करा आणि बाकीचे कागद आधारप्रमाणे करून घ्या. उलटं करू नका. आधारला मोबाइल नंबर जोडा, तोही घरातल्या अशा माणसाचा जो गावात राहतो. ऊसतोडीला किंवा सुरतेला जाणाऱ्या मुलाचा नंबर जोडला की ओटीपी त्याच्याकडे जातो आणि इकडे म्हातारी सेतूवर बसून राहते. ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, ज्यांना हात नाहीत किंवा डोळ्यांची नोंद घेता येत नाही, त्यांचंही आधार निघतं. त्यासाठी अपवादाची सोय आहे. केंद्रचालक "होत नाही" म्हणाला तर दुसऱ्या केंद्रावर जा.

दुसरा कागद: दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि दिव्यांगत्वाचे प्रकार एकवीस झाले. त्याआधी सातच होते. अजूनही गावात "लंगडा, आंधळा, बहिरा" एवढंच दिव्यांगत्व धरतात. पण मानसिक आजार, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, पार्किन्सन, कुष्ठरोगातून बरे झालेले, ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्ती, ठेंगणेपणा, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे सगळे त्यात आहेत. आणि सिकलसेलही आहे.

सिकलसेलबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सातपुड्याच्या दोन्ही अंगांना, अक्राणीपासून यावल-रावेरच्या पाड्यांपर्यंत, हा आजार घराघरात आहे आणि त्याचं प्रमाणपत्र निघतं हे बहुतेकांना माहीत नसतं. आश्रमशाळेत किंवा आरोग्य केंद्रात जी झटपट चाचणी होते तिच्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. त्या चाचणीतून रक्तात सिकल आहे एवढंच कळतं. माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीत कळतं. वाहक असलेला माणूस दिव्यांग धरत नाहीत. रुग्ण असेल तर आजार किती त्रास देतो यावर टक्के ठरतात: वेदनेचे झटके किती येतात, रक्त किती वेळा चढवावं लागलं, कोणता अवयव बिघडला. म्हणून प्रत्येक वेळी दवाखान्यात भरती झाल्यावर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. रक्त चढवल्याची नोंद त्यावर आहे का ते घरी जायच्या आधीच बघा. पोराला वर्षातून चार वेळा भरती करूनही हातात एकही कागद नाही, अशी घरं फार आहेत आणि डॉक्टरांपुढे त्यांचं काही चालत नाही. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवासही मोफत आहे, तेही विचारून घ्या.

आता पद्धत. अर्ज ऑनलाइन असतो, केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड या पोर्टलवर. सेतूवाला भरून देतो, नाहीतर मोबाइलवरही भरता येतो. आधार, फोटो, पत्ता, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि तपासणीसाठी कोणता दवाखाना हवा हे भरायचं. दवाखाना आपल्याच जिल्ह्यातला निवडा. अर्जाची पावती छापून घ्या, त्यावरचा नोंदणी क्रमांक पुढे सगळीकडे लागतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि बहुतेक तपासण्या त्यांच्याच रुग्णालयात होतात. लोक अजून त्याला सिव्हिलच म्हणतात.

दवाखान्यात जायच्या आधी फोन करून किंवा कुणाला पाठवून दिवस विचारा. हाडांचे डॉक्टर, डोळ्यांचे, कान-नाक-घशाचे, मानसोपचाराचे, प्रत्येकाचा दिव्यांग तपासणीचा वार ठरलेला असतो. चुकीच्या वारी गेलात तर फेरी फुकट जाते. बहिऱ्या लहान मुलासाठी मेंदूपर्यंत आवाज जातो का ते बघणारी बेरा चाचणी लागते. तिची तारीख वेगळी मिळते. मुलाला झोपेत ठेवून ती करतात. त्यामुळे मुलाला आदल्या रात्री उशिरापर्यंत जागं ठेवायला सांगतात. मतिमंदत्वासाठी बुद्ध्यांकाची चाचणी होते. लकवा मारलेल्या माणसाचं प्रमाणपत्र लगेच मागू नका. अशा आजारात साधारण सहा महिने गेल्यावर, किती सुधारणा झाली ते बघूनच टक्के ठरवतात. त्या सहा महिन्यांत आधार, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं काम उरकून घ्या.

ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणाऱ्या घरांनी हे काम होळीनंतर आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास करावं. तेव्हा सगळे घरी असतात. पेरणी सुरू झाली की कुणाला वेळ नसतो आणि दिवाळीनंतर गाव रिकामं होतं.

टक्क्यांवरून डॉक्टरांशी वाद घालू नका. पण कोणता आकडा कशासाठी लागतो ते माहीत असू द्या. चाळीस टक्क्यांपासून संजय गांधी आणि एसटीची ७५ टक्के सवलत मिळते. पासष्टपासून एसटीत सोबतच्या माणसालाही निम्मं भाडं लागतं. ऐंशीपासून केंद्राची दिव्यांग पेन्शन. एकाच व्यक्तीला दोन दिव्यांगत्वं असतील, म्हणजे समजा पाय अधू आणि ऐकूही कमी येतं, तर अर्जात दोन्ही लिहा. दोन्ही मिळून टक्के काढायची पद्धत आहे. एकच लिहिलं तर दुसऱ्याकडे कुणी बघणार नाही. मिळालेले टक्के खरोखर कमी वाटत असतील तर अपील करता येतं. तसा लेखी अर्ज द्या.

प्रमाणपत्र हातात आलं की आधी एकच शब्द शोधा: कायमस्वरूपी की तात्पुरतं. तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते. लहान मुलांची प्रमाणपत्रं बऱ्याचदा तात्पुरती असतात आणि वयाच्या ठरावीक टप्प्यावर पुन्हा तपासणी करावी लागते. मुदत संपली की पैसे आणि सवलती दोन्ही थांबतात. ती तारीख भिंतीवर, कॅलेंडरवर, कुठेतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका. ज्यांच्याकडे जुनं कागदी प्रमाणपत्र आहे, कार्ड नाही, त्यांनीही पोर्टलवर नोंद करून यूडीआयडी नंबर घ्यावा. त्याशिवाय आता पुढचं काही हलत नाही.

या सगळ्याला एक रुपयाही सरकारी फी नाही. सेतूवाला अर्ज भरण्याचे जे पैसे घेईल तेवढेच. "टक्के वाढवून देतो" म्हणणारा माणूस दवाखान्याच्या फाटकाशी भेटला तर त्याच्याकडे न बघता आत जा. खोट्या प्रमाणपत्रांची तपासणी सुरू झाली की खऱ्या दिव्यांगालाही पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.

तिसरा कागद: उत्पन्नाचा दाखला

संजय गांधी योजनेसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. २१,००० चा आकडा मला पटत नाही, आणि ते मी मोकळेपणाने लिहितो. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकानेच अडुसष्ट दिवस काम केलं तरी मर्यादा ओलांडली जाते. विधवा बाई वर्षातून अडीच महिने कामाला गेली म्हणून ती निराधार नाही, असा त्याचा अर्थ होतो. पण नियम बदलेपर्यंत अर्ज याच चौकटीत भरावा लागतो.

दाखला तहसीलदारांचा लागतो आणि त्याचा अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर होतो. त्याआधी तलाठ्याचा अहवाल लागतो. तलाठ्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी असं झालंय, पण गावात आप्पा किंवा तात्याच म्हणतात. अहवाल घेताना सातबाऱ्यावर नाव आहे का, जमीन कोरडवाहू की बागायती, घरात नोकरदार आहे का हे बघतात. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलला, भावकीच्या सामाईक सातबाऱ्यावर दिव्यांग माणसाचं नाव नुसतं लागलेलं असतं. पीक दुसराच काढतो. तसं असेल तर तलाठ्याला तोंडी सांगून भागत नाही. वाटा किती आणि कसतो कोण, हे अर्जासोबत लेखी द्या. अर्ज पूर्ण भरल्यापासून लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत दाखला मिळायला हवा. पावतीवर तारीख असते, ती जपा.

रहिवासाचाही प्रश्न येतो. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. गुजरात किंवा मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या घरांनी जुनं रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, मुलांचे शाळेचे दाखले असं काही जुनं शोधून ठेवावं. जुनं रेशन कार्ड फाटलं म्हणून टाकून देऊ नका.

चौथं काम: बँक खातं, आणि खरा घोळ इथेच आहे

पैसे आता थेट लाभ हस्तांतरणाने (डीबीटी) येतात. म्हणजे पासबुकवरचा खाते क्रमांक बघून पैसे टाकत नाहीत. आधार क्रमांक बघून टाकतात, आणि ते ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलेलं आहे त्या खात्यात जातात. हे वाक्य दोनदा वाचा, कारण तहसीलच्या व्हरांड्यात "पैसा उनात का?" असं एकमेकांना विचारणाऱ्या निम्म्या लोकांची अडचण यातच असते.

होतं असं. धरणगावच्या एखाद्या आक्कांचं स्टेट बँकेत खातं आहे आणि अर्जात तेच पासबुक लावलं. मध्ये गावात कुणी शिबिर घेऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं अंगठ्यावर काढून दिलं. किंवा बचतगटाचं कर्ज घेताना दुसऱ्या एका बँकेत खातं निघालं. अंगठा दिला की आधार तिकडे जोडलं गेलं. आता मंजुरी झालीय, पैसे सुटलेत, पण स्टेट बँकेत शून्य. पैसे त्या दुसऱ्या खात्यात साचत असतात आणि आक्कांना ते खातं आहे हेच आठवत नाही.

तपासायचं कसं? आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस नावाचा पर्याय असतो. तिथे आधार नंबर आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की आधार कोणत्या बँकेला जोडलंय आणि ते चालू आहे की बंद, ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. गावात कुणीही शिकलेलं पोर करून देईल. हवी ती बँक दिसत नसेल तर आपल्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरा. नुसता "आधार लिंक करा" म्हणू नका. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, आधार जोडणं वेगळं आणि अनुदान येण्यासाठी जोडणं वेगळं. बँकेतल्या माणसाला "डीबीटीसाठी आधार सीडिंग" असं नेमकं सांगा आणि फॉर्मच्या झेरॉक्सवर शिक्का घ्या. काही दिवसांनी पुन्हा तपासा.

खातं एकट्याच्या नावाचं असलेलं बरं. वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं बंद पडलेलं असतं, त्यात पैसे येत नाहीत. तेही सुरू करून घ्या. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेली व्यक्ती अठरा वर्षांची झाली की आईबापही कायद्याने आपोआप तिचे पालक राहत नाहीत. अशांसाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती कायदेशीर पालक नेमते. बँकेने खातं चालवायला नकार दिला तर तोच कागद चालतो. याच चार प्रकारांसाठी निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, आणि नोंदणी फी दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० रुपये, बाकीच्यांना ५०० रुपये.

मग अर्ज

आता फाइल तयार झाली. तहसील कचेरीत संजय गांधी योजना शाखा असते, तिथे नायब तहसीलदार बसतात. अर्ज तिथे द्या, नाहीतर सेतूवरून ऑनलाइन भरा. सोबत काय लागतं ते एकदाच लिहितो: आधार, रेशन कार्ड, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, यूडीआयडी कार्ड आणि दिव्यांग प्रमाणपत्र, पासबुकाचं पहिलं पान, फोटो. विधवा असेल तर पतीचा मृत्यू दाखला, आजारपणाचं असेल तर सरकारी दवाखान्याचा दाखला. मूळ कागद कुणाला देऊन येऊ नका. दाखवा आणि परत घ्या, झेरॉक्स द्या. पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पुढे चौकशी होते आणि अर्ज तालुका समितीपुढे जातो. समितीची बैठक दर महिन्याला होईलच असं नाही. निवडणुकीची आचारसंहिता आली किंवा समितीच नेमलेली नसली की विलंब होतो. दर आठवड्याला तहसीलला चकरा मारण्यापेक्षा पुढची बैठक कधी आहे ते विचारा आणि तिच्यानंतर यादी बघायला जा. मंजूर झाला असेल तर मंजुरीचा आदेश मागा. नामंजूर झाला असेल तर कारण लेखी मागा. "त्रुटी आहे" एवढ्यावर परत फिरू नका. कोणती त्रुटी, कोणत्या कागदात, हे लिहून घ्या.

पैसे सुरू झाले तरी दर महिन्याच्या ठरावीक तारखेला येतात असं धरून उधारी करू नका. कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. थांबले तर आधी शेजाऱ्यांना विचारा. सगळ्यांचेच आले नसतील तर निधी आलेला नाही, चकरा मारून उपयोग नाही. फक्त तुमचेच थांबले असतील तर क्रमाने बघा: आधार सीडिंग, दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत, हयातीचा दाखला.

हयातीची पडताळणी वर्षातून एकदा होते. आता ती मोबाइलवर चेहरा दाखवूनही करतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून तहसीलला नेऊ नका. तलाठ्याला किंवा कोतवालाला घरी येण्याची लेखी विनंती करा. लाभार्थी वारला तर तहसीलला लगेच कळवा. पुढे आलेले पैसे वसूल होतात आणि तो भार घरच्यांवर पडतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० रुपये मिळतात. त्याचा अर्जही याच शाखेत असतो.

गावातच मिळणारं, पण कुणी न मागितलेलं

ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. त्यातून कुबड्या, व्हीलचेअर, शेळी, शिलाई मशीन, औषधपाण्यासाठी मदत असं काहीही होऊ शकतं. लहान ग्रामपंचायतीत रक्कम थोडी असते, पण ती असते. त्यासाठी ग्रामपंचायतीत दिव्यांगांची नोंद हवी. यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स आणि अर्ज ग्रामसेवकाकडे द्या, आणि ग्रामसभेत उठून विचारा की गेल्या वर्षी हा निधी किती होता आणि कशावर खर्च झाला. चार-पाच घरांनी मिळून विचारलं तर उत्तर टाळता येत नाही. रेल्वेची सवलत वेगळी आहे, सगळ्या प्रकारांना नाही. तिच्यासाठी दवाखान्याकडून वेगळा नमुना भरून घ्यावा लागतो आणि मग रेल्वेचं कार्ड निघतं. उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते.

अडलंच तर

पहिली तक्रार तहसीलदारांकडे, लेखी आणि पोहोच घेऊन. त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. दिव्यांगांच्या हक्कांची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही पाठवता येते, टपालानेही चालते.

आणि माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ आहे, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. त्यात गाऱ्हाणं लिहू नका, "माझ्यावर अन्याय झाला" याला उत्तर मिळत नाही. कागद मागा. असं लिहा: "मी अमुक तारखेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी दिलेल्या अर्जावर, पोहोच क्रमांक अमुक, आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी. हा अर्ज समितीच्या कोणत्या तारखेच्या बैठकीत ठेवला त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत द्यावी. ठेवला नसल्यास तो सध्या कोणत्या कर्मचाऱ्याकडे आणि कोणत्या तारखेपासून प्रलंबित आहे, ती नोंद द्यावी."